घरच्यांना सांगितले

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. तालदिकोर्गान शहरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, दुर्बिणीने आतडे तपासण्याच्या खोलीत, कुलपाश निळ्या पुठ्ठ्याच्या वहीतली नावे तिसऱ्यांदा मोजत होती. तिन्ही वेळा आकडा एकच आला : एकशे त्रेचाळीस.

गेल्या काही वर्षांत या माणसांच्या मोठ्या आतड्यात पॉलिप सापडले होते. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. आज तो कुणाला काही करत नाही; पण राहून गेला, किंवा काढल्या जागी पुन्हा उगवला, तर काही वर्षांत त्याचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून कोंब काढल्यावर माणसाला ठरल्या मुदतीने पुन्हा बोलवायचे असते. कुणाला एका वर्षाने, कुणाला तिसऱ्या वर्षी. या एकशे त्रेचाळीस जणांची मुदत उलटून गेली होती. आले होते बावन्न.

"म्हणजे एक्याण्णव जण गायब," डॉक्टर विताली त्सोय दारातूनच म्हणाला. जवळच्या उश्तोबे गावातल्या कोरियन वस्तीतला हा एकतीस वर्षांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी इथे रुजू झाला होता, आणि रोज सकाळी कोट घालण्याआधी एक वाईट बातमी सांगण्याची त्याला सवय होती.

"गायब कुठले? घरी चहा पीत बसलेत," कुलपाश मान वर न करता म्हणाली.

"आपा, मी मेसेजची व्यवस्था केली की नाही? संगणक आपला आपण पाठवतो. एक्याण्णव मेसेज गेले. आले किती? एकच! आणि तोही दात दाखवायला."

"तुमचा संगणक मेसेज पाठवतो कुणाला?"

"वहीत जो नंबर असेल त्याला."

कुलपाशने पेन खाली ठेवले. ती एकोणसाठ वर्षांची होती. त्यांतली सव्वीस वर्षे याच खोलीत गेली होती. मोजल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही तिची शिस्त. तिने वही जवळ ओढली आणि नंबरांच्या रकान्यावरून बोट फिरवले. कित्येक नंबरांच्या शेजारी एक बारीकसे वर्तुळ होते. ते तिने स्वतःच काढलेले होते. त्याचा अर्थ फक्त तिलाच ठाऊक होता : घरच्यांना सांगितले, रोग्याला नाही.

हा या मुलखाचा रिवाज होता. तपासणी चालू असताना बाहेरच्या बाकावर कुणीतरी मुलगा, सून, पुतण्या बसलेला असायचा. कुलपाश बाहेर आली की तो तिचे कोपर धरायचा. "आपा, जरा इकडे. काही निघालं असेल तर म्हाताऱ्यांना बोलू नका हं. आम्हाला सांगा." मग ती नंबर त्याचा लिहून घ्यायची, तारीख त्याला सांगायची आणि आत जाऊन रोग्याला म्हणायची, सगळे उत्तम आहे. वाईट बातमी माणसाच्या कानी थेट घालू नये, तिने आधी घरच्यांकडून वळसा घ्यावा, असे तिथे सगळेच मानत. कुलपाशही मानत होती. त्या वर्तुळाला ती माया समजत होती.

तिने कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. वर्तुळ नसलेली नावे बासष्ट निघाली; त्यांतली बेचाळीस माणसे परत आली होती. वर्तुळ असलेली एक्याऐंशी. त्यांतली आली होती दहा.

तिने पुन्हा मोजले. दहाच.

"काय झालं आपा?" विताली जवळ आला.

"एकाहत्तर माणसांना आपण पुन्हा यायचंय हेच माहीत नाही," ती म्हणाली. "कारण मी त्यांना सांगितलेलंच नाही."

*

त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुटीत फोन लावू लागली. काही नंबर बंद पडलेले होते. काही लागले.

"अहो हळू बोला!" एक सून कुजबुजली. "ते समोरच बसलेत. हां, हां, कोबी पाठवा दोन किलो."

"मी दवाखान्यातून बोलतेय."

"कळलं हो. म्हणूनच कोबी म्हणतेय."

एका मुलाने मनापासून आभार मानले आणि वडिलांना नक्की आणतो म्हणाला. त्याला वडिलांचे वय मात्र आठवेना. एका सुनेने शांतपणे सांगितले, "आमचे सासरे फेब्रुवारीत गेले, आपा. पोटात पाणी झालं होतं." आणि मग, पाहुण्यांची उठबस नीट पार पडल्यावर बाई बोलते तशा समाधानाने, "शेवटपर्यंत त्यांना काही म्हणजे काही कळू दिलं नाही आम्ही."

कुलपाशने त्या नावासमोर मृत्यूचा महिना लिहिला. त्या आठवड्यात असे चार महिने लिहावे लागले.

वहीतला सगळ्यांत मोठा पॉलिप, आणि सगळ्यांत जास्त उशीरही, एकाच माणसाच्या नावावर होता. बेकतेमिस, गाव कारासाय, धंदा घोडेपालन. तपासणी १७ जून २०२१; वय तेव्हा अडुसष्ट. दोन पॉलिप, त्यांतला एक अठरा मिलिमीटरचा, तुकड्यातुकड्यांनी काढावा लागलेला. पुन्हा बोलवावे : एका वर्षाने. शेजारी मुलाचा, सामातचा नंबर. आणि वर्तुळ.

तो माणूस तिला चांगला आठवत होता. गुंगी पुरती उतरली नव्हती तरी त्याने आधी टोपी शोधून डोक्यावर ठेवली आणि मग विचारले, "काय निघालं, पोरी?" तो साथीचा उन्हाळा होता. तिच्या तोंडावर मास्क होता आणि मास्कआडून खोटे बोलणे आणखी सोपे जात होते. "आतून घोड्यासारखे आहात, अक्सकाल," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे ती म्हणाली. "जा आपल्या कुरणावर." तो इतका खूश झाला की महिनाभराने त्याने कुणाच्या तरी हाती कुमिसची भलीमोठी बाटली धाडली. घोडीचे ते आंबवलेले दूध खोलीतल्या सगळ्यांनी वाटून प्यायले होते. कुलपाशनेही.

सामातचा नंबर बंद होता. कारासायच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेने सुनेचा नंबर दिला, आणि सुनेने, तीही कुजबुजतच, नवऱ्याचा नवा. तो पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला होता. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी.

"विसरलो नव्हतो हो, आपा," सामात म्हणाला. त्याच्यामागे कसलेसे यंत्र घरघरत होते. "एक दिवस विसरलो नाही. पहिल्या वर्षी तारीख आली तेव्हा बाबा डोंगरावर, उन्हाळी कुरणात. म्हटलं, खाली उतरले की सांगू. उतरले तर काय, घोडाच खांद्यावर टाकून नेतील असे दिसले. अशा माणसाला सांगू काय? आणि सांगितलं तर विचारणार, तुला कधीपासून ठाऊक? वर्ष झालं म्हणू? असं करता करता दुसरं वर्ष लागलं. मग तर तोंडच उघडेना."

"तीन वर्षं होऊन गेली, बाळा."

"आईला सांगितलं होतं आम्ही. खरं ते सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली ती निजलीच. चाळीस दिवसांत गेली." यंत्र बंद पडले आणि त्याचा आवाज एकदम जवळ आला. "तुम्हीच काहीतरी जुळवा ना. पेन्शनीसाठी तपासणी लागते म्हणा. नवा कायदा आलाय म्हणा. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

तो होताच. तीच तर अडचण होती.

"बघते," कुलपाश म्हणाली.

*

शनिवारी ती वडापच्या गाडीने निघाली आणि दुपारी कारासायला उतरली. डोंगराच्या माथ्यावर नवे बर्फ पडले होते; घोडे खाली आले होते. बेकतेमिस अंगणात एका तपकिरी घोडीच्या शेपटीत अडकलेले गोखरू एकेक करून काढत होता. तो वाळला होता. अंगरखा खांद्यांवर मोठा झाला होता. कुलपाशच्या नजरेने ते आधी टिपले आणि मग तिने नमस्कार केला.

"अरे! दवाखान्याची पोरगी," तो म्हणाला. तिला पोरगी म्हणणारे आता फारसे कुणी उरले नव्हते. "चल, आत चल. सूनबाई, चहा टाक!"

आयमान, त्याची सून, मान खाली घालून चहा ओतत होती. दूध घातलेला दाट चहा, वाटीत तळाशी जेमतेम दोन घोट. पाहुणा हवासा असला की वाटी अशी अर्धीमुर्धी भरायची, म्हणजे तो पुनःपुन्हा मागतो आणि पुनःपुन्हा बसतो. समोर बौरसाकांचा, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग होता. कोपऱ्यातल्या पाळण्यात पाच महिन्यांचे बाळ झोपले होते.

तिसऱ्या वाटीला कुलपाशने सुरुवात केली. "अक्सकाल, तो पेन्शनीचा एक नवीन नियम आलाय. पुन्हा एकदा आतून तपासून घ्यावं लागेल."

बेकतेमिसने बौरसाक मोडला. "पेन्शन खात्याला माझ्या आतड्याशी काय करायचंय? लांबी मोजून पेन्शन वाढवणारेत की काय?"

"कागद लागतो त्यांना."

"मग कागद टपालाने यायचा. तू कशाला आलीस?" तो तिच्याकडे पाहत राहिला. रागाने नाही, घोडी पाय जरा उचलून टाकते आहे का, हे पाहावे तसे. "पोरी, दीडशे किलोमीटर आलीस ती खोटं बोलायला? ते फोनवरसुद्धा जमलं असतं."

कुलपाशने वाटी खाली ठेवली. खरे सांगावे लागलेच तर म्हणायचे एक वाक्य तिने येताना सगळ्या रस्त्याने घोळवले होते आणि आता त्याचा एक शब्दही तिला आठवेना. मग तिने सरळ वहीत होते तसेच सांगितले : तारीख, संख्या, मिलिमीटर, तुकडे, एक वर्ष. तिला तसेच सांगता येत होते.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?" बेकतेमिसने विचारले.

"मला. तेव्हाच्या डॉक्टरांना. सामातला."

त्याने सुनेकडे पाहिले. आयमानच्या हातातली चहाची पळी थांबली होती.

"आणि हिला," तो म्हणाला. "म्हणजे या घरात ठाऊक नसलेले दोघंच. मी आणि तो पाळण्यातला."

"बाबांनी असं..." आयमानने सुरुवात केली.

"माझ्या साठ घोड्या आहेत," बेकतेमिस सावकाश म्हणाला. "कुठली कधी फळली, कुठली कधी विणार, कुठलीचं गेल्या साली काय चुकलं, सगळं मला पाठ असतं. लोक तीन गावांवरून विचारायला येतात. आणि माझी स्वतःची एक तारीख, एकच, ती तुम्ही मला सांभाळायला दिली नाहीत." तो थांबला. "सूनबाई, पाहुणीची वाटी भर."

आयमानने दचकून वर पाहिले. मग तिने वाटी काठोकाठ भरली. आता निघा, असे म्हणण्याची तिथली ही रीत होती. त्याहून अधिक काही बोलावे लागत नाही.

कुलपाशने भरलेली वाटी दोन्ही हातांनी उचलली. चहा कढत होता. तिने तो घोटाघोटाने, न थांबता संपवला आणि रिकामी वाटी पुन्हा आयमानपुढे सरकवली.

"तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे," ती म्हणाली. "पण मी उठणार नाही. आणखी भरा, आणखी पिईन."

बेकतेमिसच्या मिशीत काहीतरी हलल्यासारखे झाले.

"माझा नवरा रेल्वेत वायरमन होता. तुर्सिन," कुलपाश सांगू लागली. हे तिने कधी कुणाला सांगितले नव्हते. आता का सांगते आहे, हेही तिला नीटसे कळत नव्हते. "जठराचा कर्करोग होता. मी त्याला अल्सर म्हणून सांगितलं. त्याला सेमेयला भावाकडे जायचं होतं, दोघांचं भांडण झालं होतं जुनं. मी म्हणायची, जरा बरा हो, वसंतात जाऊ. एक दिवस त्यानं विचारलं, कुलपाश, अल्सरच ना गं? मी म्हटलं, अल्सरच. तो म्हणाला, बरं. त्याला कळलं होतं की नव्हतं, मला आजवर माहीत नाही. भाऊ आला तो मातीला आला. त्यानंतर दवाखान्यातल्या त्या खोलीत माझी नेमणूक झाली, आणि मी सव्वीस वर्षं लोकांना तेच सांगत आले."

बेकतेमिसने मोडलेला बौरसाक बाजूला ठेवला. बाहेर एक घोडी फुरफुरली.

"रक्त पडतंय," तो म्हणाला. "एप्रिलपासून."

आयमानच्या हातून पळी सुटली.

"तेव्हा हिचे दिवस भरत आले होते. म्हटलं, घाबरेल. मग बाळ झालं, म्हटलं, आनंदाचं घर आहे. मग सामात विहिरींवर गेला." त्याने हात उलटे करून पाहिले. "मीही नाही सांगितलं कुणाला."

सासऱ्यापुढे सहसा तोंड न उघडणारी आयमान रडता रडता एकदम भडकली. "आम्ही तुमच्यापासून लपवायचं, तुम्ही आमच्यापासून! मग या घरात खरं बोलायचं तरी कुणाशी? घोड्यांशी?"

बाळ जागे झाले आणि रडू लागले. बेकतेमिस उठला, त्याने त्याला पाळण्यातून उचलून खांद्याशी धरले आणि येरझाऱ्या घालता घालता विचारले, "कधी यायचं?"

"बुधवारी."

"बुधवारी नाल मारणारा येतोय. गुरुवारी."

"गुरुवारी. आधी तीन दिवस मांस बंद. शेवटच्या दिवशी नुसतं पाणी, गाळलेलं सूप, आणि जुलाबाचं औषध, चार लिटर."

"मांस बंद? तीन दिवस?" तो थबकला. "मला बरं करायचंय की मारायचंय?"

कुलपाशने चिठ्ठी लिहिली. आयमानकडे न देता त्याच्या हातात दिली. बाळ सुनेकडे देऊन तो चिठ्ठीसह बाहेर गेला; कुलपाश मागोमाग गेली. खोगिरांच्या खोलीचे दार आतून खडूच्या आकड्यांनी भरलेले होते : घोडीचा रंग, वय, फळल्याचा दिवस. तिथे शेवटच्या ओळीखाली त्याने खडूने लिहिले, "बेकतेमिस, एकाहत्तर, गुरुवार", आणि दोन पावले मागे सरून पाहिले.

"सगळ्यांत म्हातारा मीच निघालो," तो म्हणाला.

*

गुरुवारी बाहेरच्या बाकावर सामातही होता. तो रात्रीच्या विमानाने आला होता. कपड्यांना अजून तेलाचा वास येत होता. कुलपाश दार उघडून बाहेर येताच त्याने उठून तिचे कोपर धरले.

"आपा, जरा इकडे."

त्याला आपण असे केल्याचे कळलेही नसावे. कुलपाशने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि मग तो बाजूला केला.

"आत ये," ती म्हणाली. "सगळ्यांनी या."

बेकतेमिस टोपी घालून बिछान्यावर बसला होता. विताली हातात फोटो घेऊन उभा होता आणि सवयीने त्याची नजर मुलाकडे गेली.

"डॉक्टर, इकडे," बेकतेमिस म्हणाला. "आतडं माझं आहे."

विताली लाजला. मग तो खुर्ची ओढून त्याच्या समोर बसला. फोटोवर बोट ठेवून त्याने सांगितले, की जुन्या जागेच्या कडेला एक वाढ आहे, तीन सेंटिमीटरची. हा आता नुसता कोंब राहिलेला नाही. तुकडा तपासायला पाठवू, पण कर्करोगच असेल असे वाटते. इतके सरळ त्यानेही कधी कुणाला सांगितले नव्हते.

सामातने वडिलांकडे पाहिले. ते भिंतीकडे तोंड फिरवतात का, एवढेच तो पाहत होता.

बेकतेमिसने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला. "कापून निघेल?"

"निघेल. आतड्याचा तेवढा भाग काढून दोन टोकं शिवायची."

"आणि पसरला असला तर?"

"आतड्याच्या भोवती लसिकेच्या बारीक गाठी असतात. पसरायचा झाला तर आधी त्यांच्यात शिरतो. म्हणून त्या बरोबरच काढून तपासतात. त्यात नसला, तर अर्ध्याहून अधिक काम झालं."

"किती गाठी?"

"बारा तरी तपासायच्या. जास्त मिळाल्या तर उत्तम."

बेकतेमिसने मान डोलावली. एखाद्या व्यवहाराच्या अटी कळल्या म्हणजे माणूस डोलावतो तशी. मग तो मुलाकडे वळला. सामातची मान खाली गेली होती.

"तू मला घाबरलास, का माझ्यासाठी घाबरलास?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"मग वर बघ. आणि मला काहीतरी खायला आण. कालपासून नुसतं पाणी पितोय, आतून खळखळ वाजतंय."

*

शस्त्रक्रिया बारा नोव्हेंबरला, दुसऱ्या मोठ्या इस्पितळात झाली. अहवाल यायला दोन आठवडे लागणार होते.

त्या दोन आठवड्यांत कुलपाशने नवी वही घातली. तिच्यात नंबराचा रकाना दोनदा होता. पहिला रोग्याचा स्वतःचा, दुसरा घरच्यांचा. तपासणी झाली की रोगी पूर्ण जागा होईपर्यंत ती थांबायची, मग त्याच्याच हातात एक जाड कार्ड द्यायची आणि त्यावरची तारीख त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यायची. उन्हाळ्यात डोंगरावर जाणाऱ्यांना ती तारीख विचारूनच ठरवायची : घोडे उतरल्यावर, की हिवाळी मांसासाठी जनावर कापण्याआधी? विताली संगणकात तेच भरायचा. जुन्या यादीतल्या सदुसष्ट जणांना तिने एकेक करून स्वतः फोन लावले. महिनाअखेरपर्यंत एकोणतीस जण येऊन गेले.

सगळेच सुरळीत झाले नाही. एका मुलीने तिला जिन्यात गाठून ऐकवले, "तुम्हाला काळीज आहे की नाही? आई कालपासून जेवली नाही." त्या संध्याकाळी कुलपाश त्यांच्या घरी गेली, आईच्या शेजारी बसली आणि दोघींनी मिळून शेवयांची कणीक लाटली. बाई रडली, जेवली, पण तपासणीला अजून आलेली नव्हती. नव्या वहीत तिच्या नावापुढे जागा रिकामी होती.

सव्वीस नोव्हेंबरला, मंगळवारी, अकराच्या सुमारास पाकीट आले. बेकतेमिस बाकावर भिंतीला टेकून बसला होता. तो आणखी वाळला होता. टोपी कानांपर्यंत खाली आली होती. एका बाजूला सामात, दुसऱ्या बाजूला बाळाला घेऊन आयमान. पाकीट बंद होते. आत काय आहे ते कुलपाशला ठाऊक नव्हते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती आधी उघडून न पाहता बाहेर आली होती.

तिला पाहताच सामातचा हात आपोआप पुढे आला. मग त्याचा त्यालाच तो दिसला आणि त्याने तो मागे घेऊन गुडघ्यावर ठेवला.

कुलपाशने पाकीट बेकतेमिससमोर धरले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले.

"वाचून दाखवू, बाबा?" आयमानने विचारले.

"मला वाचता येतं."

त्याने खिशातून चष्मा काढला. एका काडीला दोरा गुंडाळलेला होता. काचा त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, एक, मग दुसरी. पाकिटाची कड नखाने सरळ फाडली. कागद डोळ्यांपासून लांब धरून तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला. स्वतःचे नाव, जन्मसाल, गाव, सगळे मोठ्याने, एकही शब्द न गाळता. लॅटिन नावांपाशी तो अडखळला, मागे गेला, पुन्हा वाचले. आतड्याची लांबी आली, वाढीचे माप आले. विताली दारात येऊन उभा राहिला होता आणि आपल्याला वाचण्याची घाई झाली आहे हे दिसू नये म्हणून जमिनीकडे पाहत होता.

शेवटच्या ओळीवर बेकतेमिसने बोट ठेवले.

"तपासलेल्या गाठी : चौदा," त्याने वाचले. "बाधित : शून्य."